भाड्याचं घर आणि सिगारेटचा धूर

लखनौमध्ये घर भाड्याने देणारा माणूस पुष्कळदा त्याच घरात राहत असतो. अलीगंज, महानगर, इंदिरानगर, राजाजीपुरम, आलमबाग या वस्त्यांमध्ये दोन-तीन मजली स्वतंत्र घरं अजून भरपूर आहेत. खाली मालकाचं कुटुंब, वर एक-दोन भाडेकरू, गच्चीवरच्या खोलीत एखादा विद्यार्थी. जुन्या धाटणीच्या घरात मधोमध उजेडासाठी मोकळी जागा सोडलेली असते आणि वरच्या मजल्यांवर तिच्यावर लोखंडी गजांची जाळी बसवलेली असते; तिकडे तिला 'जाल' म्हणतात. या जालातून उजेड खाली येतो, खालच्या फोडणीचा वास वर जातो आणि वरच्या भाडेकरूने सिगारेट झटकली की राख खालच्या अंगणात पडते. खाली कुणी विडी ओढली तर धूर वरच्यांच्या खोलीत शिरतो. माझ्या खोलीत मी काय करतो याच्याशी इतरांचा संबंध नाही, असं अशा घरात कुणालाच म्हणता येत नाही.

लखनौ मराठी माणसाला परकं नाही. १९२६ मध्ये पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने तिथे मॅरिस म्युझिक कॉलेज सुरू झालं आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते अनेक वर्षं चालवलं. आजही रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत, केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत, बँकांत बदलीवर जाणारी मराठी माणसं तिथे घर शोधतात. उलट दिशेने लखनौ-कानपूरची मुलं पुण्यात, नवी मुंबईत आपल्या लोकांची भाडेकरू होतात. त्यामुळे धुराचा हा तंटा मराठी घरात दोन्ही बाजूंनी येतो: कधी आपण घरमालक, कधी भाडेकरू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न चावी हातात देण्याआधी सुटतो. नंतर तो फक्त चिघळतो. आणि तो सोडवायचा तो जागेपुरता: कुठे ओढायचं, कुठे नाही. माणूस कसा आहे, घरंदाज आहे का, याची उलटतपासणी करून तो सुटत नाही. खाली राहणारं दम्याचं मूल किंवा म्हातारी आई यांचा हक्क मात्र मालक आणि भाडेकरू या दोघांच्याही वरचा आहे.

तंबाखूच्या बाबतीत उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात मोठा फरक आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत उत्तर प्रदेशात ३५.५ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूर काढणारे १३.५ टक्के होते. महाराष्ट्रात हेच आकडे २६.६ आणि ३.८ टक्के होते. आपल्याकडे तंबाखू मुख्यतः चुन्यात मळून तोंडात ठेवतात. त्यामुळे पुण्यातल्या घरमालकाला पिचकाऱ्यांनी रंगलेल्या जिन्याचा अनुभव असतो, पण धुराने पिवळ्या पडलेल्या भिंतीचा फारसा नसतो. लखनौत दोन्ही भेटतात. याच सर्वेक्षणात देशभर ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागत असल्याचं दिसलं. २००९-१० च्या पहिल्या फेरीत हे प्रमाण ५२.३ टक्के होतं. घट चांगली आहे, पण अजून तीनांतल्या एकाहून जास्त माणसांना घरी आल्यावरही धुरातून सुटका नाही.

लखनौच्या जुन्या राहणीत धुराला प्रतिष्ठा होती. नवाबी काळातल्या आदरातिथ्यात पान आणि हुक्का दोन्ही आले, आणि उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी त्या शहराच्या सरत्या संस्कृतीवर लिहिताना पानाबरोबर तंबाखूचीही दखल घेतली. पण तो हुक्का बैठकीत, ओसरीवर, उंच छताच्या दिवाणखान्यात ओढला जाई. आजचा भाडेकरू दहा बाय बाराच्या खोलीत, एसी चालू ठेवून, दार लावून सिगारेट पेटवतो. बंद भिंतींत तो धूर फार काळ रेंगाळतो.

धुराबद्दल वैद्यकशास्त्राचा निर्वाळा आता पक्का आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, आणि खोल्या वेगळ्या करून किंवा हवा खेळती ठेवून इमारतीतला धोका पूर्णपणे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने स्वतः न ओढता केवळ इतरांच्या धुरामुळे दरवर्षी जगात दहा लाखांहून अधिक माणसं मरतात. लहान मुलांना दमा, कानाचे आजार, छातीचे संसर्ग यांचा धोका वाढतो.

घरमालकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं संशोधन नंतरचं आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की भिंतींवर, पडद्यांवर बसलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसमाइन्स तयार होतात. हे आम्ल गॅसच्या शेगडीतून आणि गाड्यांच्या धुरातून येतं, म्हणजे आपल्या बहुतेक घरांत ते आहेच. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. ती सुमारे दोन महिने रिकामी राहिली होती आणि नव्या भाडेकरूसाठी साफही झाली होती. तरी तिथल्या धुळीत, पृष्ठभागांवर आणि नव्याने राहायला आलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवर निकोटिन सापडलं. जुना भाडेकरू गेला, थोटकं झाडून टाकली, उदबत्ती लावली की घर स्वच्छ झालं, ही आपली समजूत इथे मोडते. पुढचा भाडेकरू तान्ह्या बाळाला घेऊन येणार असेल तर हा केवळ वासाचा प्रश्न उरत नाही.

लखनौच्या हवामानाची यात भर पडते. एप्रिल ते जून तिथे खिडकीत कूलर लागतात. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. भाडेकरू शहाणपणाने खोलीबाहेर, छज्ज्यावर उभा राहून ओढतो, पण शेजारच्या खिडकीत मालकाचा कूलर असेल तर तो सगळा धूर थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत जातो. मालक म्हणतो तू आत ओढतोस, भाडेकरू शपथेवर सांगतो की बाहेर ओढतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. स्प्लिट एसीची गत वेगळी: तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही, त्यामुळे धुरातला चिकट थर त्याच्या कॉइलवर आणि जाळीवर बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात एसी लावला की वास येतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात दारं-खिडक्या बंद असतात, बाहेरची हवा आधीच वाईट असते, त्यात रजई, हीटर आणि पेटती सिगारेट एका खोलीत आली की आगीची भीतीही खरी असते.

आता कायदा. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आपल्याकडे मुंबईच्या एका राजकारण्याच्या याचिकेने आली, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दवाखाने, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सार्वजनिक वाहनं अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्यानंतर २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, जो 'कोटपा' या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी घातली, कलम २१ ने दंड २०० रुपयांपर्यंत ठेवला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यात कामाच्या जागा, मॉल, कँटीन यांचा समावेश केला. पण राहत्या घराची आतली खोली या कायद्याच्या कक्षेत येत नाही. भाडेकरू स्वतःच्या खोलीत सिगारेट ओढतो म्हणून पोलीस बोलावणारा मालक रिकाम्या हाताने परततो. जिना आणि लिफ्ट यांच्याबद्दल वाद घालता येतो, कारण तिथे बाहेरची माणसंही येतात-जातात. पण २०० रुपयांच्या दंडासाठी कुणी तो वाद तडीला नेत नाही.

दुकान किंवा कार्यालय भाड्याने दिलं असेल तर गोष्ट निराळी. तिथे कोटपा पूर्ण लागू होतो. जागा चालवणाऱ्याने ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावायची, राखदाणी ठेवायची नाही आणि कुणी ओढत असेल तर त्याला थांबवायचं. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने कोटपात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. व्यापारी जागा देणाऱ्या मालकाने तिथे काय पेटतं याकडे डोळेझाक करू नये, हे त्या आगीने दाखवून दिलं.

दोन गोष्टींत मात्र राहत्या घराचा मालकही अडचणीत येऊ शकतो. २०१९ च्या कायद्याने देशात ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री आणि साठा यांवर बंदी आहे, आणि आपली जागा अशा साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही त्यात मनाई आहे. गांजाच्या बाबतीत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्याला शिक्षा देतो. भाडेकरूच्या खोलीतून गांजाचा वास येतोय हे कळूनही गप्प बसणं मालकाला महागात पडू शकतं.

बाकी सगळं करारावर अवलंबून आहे. लखनौत आता १९७२ चा जुना भाडेकायदा नाही. त्याच्या जागी उत्तर प्रदेश नगरीय परिसर किरायेदारी विनियमन अधिनियम, २०२१ आला. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला 'लीव्ह अँड लायसन्स'ची, अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराची सवय असते. तिथली रीत वेगळी आहे. करार लेखी हवा आणि त्याची माहिती दोन महिन्यांच्या आत भाडे प्राधिकाऱ्याला द्यायची. राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी. भाडेकरूच्या खोलीत जायचं तर किमान चोवीस तास आधी कळवायचं. वीज-पाणी तोडायला स्पष्ट मनाई आहे. ही शेवटची बाब मी मुद्दाम ठसवतो, कारण रागावलेल्या मालकाचं पहिलं शस्त्र बहुधा तेच असतं: सिगारेट थांबवत नाहीस ना, मग मोटर चालू करणार नाही. असं करणारा मालक आपली बाजू स्वतःच्या हाताने घालवतो.

या कायद्यानुसार घर खाली करून मागण्याची कारणं ठरलेली आहेत. त्यात जागेचा गैरवापर हे एक कारण आहे: सार्वजनिक उपद्रव, मालमत्तेचं नुकसान, मालकाच्या हिताला बाधा, अनैतिक किंवा बेकायदा वापर, आणि लेखी सूचना देऊनही तो चालू राहिला पाहिजे. धूम्रपान यात बसतं का? माझ्या वाचनानुसार नुसतं 'तो रोज दोन सिगारेटी ओढतो' म्हणून कुणालाही घराबाहेर काढता येणार नाही, आणि येऊही नये. पण करारात स्पष्ट मनाई आहे, फरशीवर जळाल्याचे डाग आहेत, जालातून थोटकं खाली पडतात, शेजाऱ्यांच्या तक्रारी लेखी आहेत आणि सूचनेनंतरही काही बदललं नाही, असं सगळं जमलं तर मालकाचं म्हणणं वजनदार होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्येही शेजाऱ्यांना उपद्रव किंवा त्रास होईल असं वर्तन हे ताबा मागण्याचं कारण आहे. दोन्हीकडे पुरावा लागतो, आणि 'मला वास येतो' हा पुरावा नव्हे.

मग करारात लिहायचं काय? 'धूम्रपानास सक्त मनाई' हे तीन शब्द लिहून मालक समाधान मानतात आणि तिथेच चुकतात. त्यात पाहुण्यांचं काय, गच्चीचं काय, विडी-हुक्क्याचं काय, काहीच सांगितलेलं नसतं. मी असं लिहीन: 'या घराच्या बंदिस्त भागात, म्हणजे खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि जालाभोवतीची जागा इथे भाडेकरू, त्याचे पाहुणे वा कामाला येणारी माणसं विडी, सिगारेट, हुक्का वा तत्सम काही ओढणार नाहीत. गच्चीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात ओढण्यास हरकत नाही. थोटकं तिथे ठेवलेल्या वाळूच्या झाकणबंद डब्यात टाकावीत. धुरामुळे रंग, पडदे, गादी वा एसी खराब झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च भाडेकरूकडून घेतला जाईल.' यात मनाई आहे तशी परवानगीही आहे. जिथे ओढायला एकही जागा ठेवलेली नसते तिथे माणूस रात्री न्हाणीघरात ओढतो, आणि तो धूर झरोक्यातून सगळ्या घरात जातो.

'दर सिगारेटमागे पाच हजार दंड' असली कलमं मात्र लिहू नयेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते; मिळते ती वाजवी भरपाई. भीती घालण्यासाठी लिहिलेला आकडा प्राधिकाऱ्यासमोर टिकत नाही आणि सगळा करारच सुडाचा वाटायला लागतो.

रंगाचा खर्च हे भांडणाचं मुख्य ठिकाण. उत्तर प्रदेशच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत, वेगळं ठरलेलं नसेल तर, भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ भाडेकरूला जागा घेतली तशी परत करायला सांगतं, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळतं. मग सिगारेटचा पिवळेपणा ही झीज की नुकसान? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २००८ मध्ये एक रेषा आखली: नेहमीच्या रंगकामाने किंवा भिंतीचा कागद बदलून जाण्याजोगा पिवळेपणा असेल तर तो वापराचाच भाग, त्याने जात नसेल इतका धूर केला असेल तर ते नुकसान आणि भाडेकरूने भरून द्यायचं. ही रेषा मला न्याय्य वाटते आणि आपल्याकडे करारात ती उचलायला काहीच हरकत नाही. लखनौत दिवाळीआधी पुताई, म्हणजे भिंतींची रंगसफेदी, करण्याची रीत आहेच. साध्या पुताईने जे निघतं त्याचे पैसे भाडेकरूकडे मागू नयेत.

त्यासाठी आधीची स्थिती नोंदलेली हवी. चावी देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचं चित्रीकरण करा, एसीची जाळी काढून फोटो घ्या, यादीवर दोघांनी सही करा. घर सोडताना तेच पुन्हा. भिंतीच्या वरच्या भागावर, दाराच्या चौकटीच्या वर आणि पंख्याच्या पात्यावर ओलं पांढरं फडकं फिरवलं की धुराचा तपकिरी-पिवळा थर फडक्यावर उतरतो. स्वयंपाकघरात तेलकट थर तसाही असतो, म्हणून तिथे ही तपासणी निरुपयोगी. झोपायच्या खोलीत ती बरंच सांगून जाते. भाडेकरूनेही हे पहिल्या दिवशी करावं, नाहीतर आधीच्या माणसाचा धूर याच्या नावावर लागतो आणि अनामत अडकते.

भिंत खरोखर खराब झाली असेल तर तिच्यावर सरळ नवा डिस्टेंपर मारू नये. पाण्यात मिसळणाऱ्या रंगातून जुने डाग काही आठवड्यांत वर येतात आणि दमट हवेत वासही. आधी साबणाच्या कोमट पाण्याने भिंत वरून खाली धुवायची, पूर्ण वाळू द्यायची, मग डाग अडवणारा तेलाच्या आधाराचा प्रायमर, मग रंग. चुन्याची भिंत शोषून घेते, तिथे वरचा थर खरवडून पुन्हा लांबी भरावी लागते. पडदे धुवायचे, कापसाची गादी काढून टाकणं बरं, एसीची कॉइल जाणकाराकडून धुवून घ्यायची. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची बारीक जाळी कण पकडते. वायू आणि वास पकडायला कोळशाचा थर लागतो, आणि भिंतीत मुरलेल्या निकोटिनपर्यंत दोन्ही पोचत नाहीत.

करार झाला, भाडेकरू राहायला आला, आणि दोन महिन्यांनी धूर सुरू झाला. आता काय? पहिलं पाऊल बोलण्याचं, आणि ते अदबीने. 'भाईसाहब, नीचे अम्माजी को साँस की तकलीफ़ है' एवढ्यावर लखनौत निम्मी प्रकरणं मिटतात, कारण त्या शहरात अदबीने सांगितलेलं अजून ऐकलं जातं. कूलरची बाजू, जाल, वाऱ्याची दिशा हे सगळं जागेवर उभं राहून एकमेकांना दाखवावं. नाही ऐकलं तर तीच गोष्ट मोबाइलवर लिहून पाठवावी, तारखेसह. मग नोंदणीकृत टपालाने लेखी सूचना, करारातल्या कलमाचा उल्लेख करून. त्यानंतरच भाडे प्राधिकाऱ्याकडे अर्ज. या पायऱ्या गाळून थेट 'घर खाली करा' म्हणणारा मालक वर्षभर अडकून पडतो.

एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचं आहे. भाडेकरू मुलगी असेल आणि ती सिगारेट ओढत असेल तर लखनौत काय, पुण्यात काय, मालकाची भाषा बदलते. मुलाला 'गच्चीवर जा' म्हणणारा माणूस मुलीच्या आईवडिलांना फोन करतो, तिचं चारित्र्य काढतो, रात्री-बेरात्री दार ठोठावतो. हे चूक आहे. धूर दोघांचा सारखाच आहे. करारातलं कलम दोघांना एकाच शब्दांत लागू व्हायला हवं आणि तक्रारही तेवढीच असायला हवी. नव्या शहरात शिकायला-नोकरीला आलेल्या मुलींना घर मिळणं आधीच कठीण आहे. धुराचं निमित्त करून त्यांच्यावर पाळत ठेवणं हा घराच्या सुरक्षिततेचा भाग नाही.

दुसरी बाजूही क्वचितच मांडली जाते: मालकच ओढतो तेव्हा. खाली आजोबा दिवसभर अंगणात विडी ओढत बसतात आणि वर भाड्याने राहणाऱ्या गरोदर बाईच्या खोलीत जालातून धूर येतो. ती कुणाकडे जाणार? भाडेकरूला अडवणारी कलमं पुष्कळ, मालकाला बांधणारं एकही नाही. घर पाहायला जाताना भाडेकरूने हे विचारायला लाजू नये आणि कलम दोन्ही बाजूंना बांधणारं लिहून घ्यावं: जालाजवळ कुणीच ओढायचं नाही, मालकाच्या घरच्यांनीसुद्धा. जो मालक याला तयार नाही त्याला भाडेकरूकडून शिस्त मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

गोमतीनगर आणि त्याच्या विस्तारात आता उंच इमारती झाल्या आहेत. तिथे जाल नाही, पण न्हाणीघरांचे एकावर एक आलेले डक्ट आणि शेजारी-शेजारी बाल्कन्या आहेत. उत्तर प्रदेशच्या २०१० च्या अपार्टमेंट कायद्याखाली रहिवाशांची संघटना सामायिक जागांसाठी उपविधी करू शकते. जिना, लिफ्ट, पार्किंग, डक्टची जागा यांचा नियम तिथे व्हावा. बाल्कनीचं मात्र अवघड आहे. जपानमध्ये बाल्कनीत ओढणाऱ्यांना 'काजव्यांची जमात' म्हणतात. नागोया जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये शेजाऱ्याची विनंती धुडकावून बाल्कनीत ओढत राहिलेल्या माणसाला ५० हजार येनची भरपाई द्यायला लावली. जर्मन न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये वेगळा मार्ग दाखवला: त्रास लक्षणीय असेल तर दोघांच्या वेळा वाटून द्याव्यात, काही तास धुराचे, काही तास शुद्ध हवेचे. अमेरिकेने त्याही पुढे जाऊन जुलै २०१८ पर्यंत सगळ्या सरकारी भाड्याच्या घरांत आणि इमारतीपासून २५ फुटांपर्यंत धूम्रपान बंद केलं. आपल्याकडे तसा कायदा यावा का? सरकारी वसाहतींसाठी आणि वसतिगृहांसाठी यावा, असं माझं मत आहे. खासगी घरांसाठी मात्र वेळा वाटून घेण्याचा करार जास्त उपयोगी पडेल, कारण तो पाळायला पोलीस लागत नाही.

पेइंग गेस्ट पद्धतीच्या घरांबद्दल थोडक्यात. विद्यापीठाजवळ, अलीगंज-कपूरथळा भागात विद्यार्थ्यांची अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे एका खोलीत दोघं-तिघं असतात आणि न ओढणारा मुलगा सगळ्यात कमी बोलतो. खोली देतानाच 'ओढतोस का' हे विचारून सोबती ठरवावेत आणि खानावळीची खोली, अभ्यासिका पूर्ण धूरमुक्त ठेवावी.

घर देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही विनंती: पुढच्या वेळी सही करण्याआधी हे कलम मोठ्याने वाचा, गच्चीचा तो कोपरा प्रत्यक्ष दाखवा आणि करारावर लिहून घ्या. आणि ज्यांना हे व्यसन सोडायचं आहे, मग तो मालक असो, भाडेकरू असो की अंगणातले आजोबा, त्यांच्यासाठी सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला राष्ट्रीय मदत क्रमांक आहे: १८००-११-२३५६. या फोनला पैसे पडत नाहीत.